संकल्पाचा हिशोब



धम्मदीक्षा घेताना आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या. देवदेवता सोडल्या, नवस-सायास सोडले, अंगारे-धुपारे सोडले. त्यांच्याबरोबर आपण नशीबही सोडले आहे, असे आपण समजतो. कपाळावर कोणी काही लिहून ठेवत नाही, हे आपल्या घरातले लहान मूलदेखील आता सांगते. परंतु मुलगा परीक्षेत नापास झाला, मुलीची शाळा मध्येच सुटली, नोकरीचा अर्ज परत आला, की आपल्याच तोंडून तो जुना शब्द बाहेर पडतो. आपल्या नशिबातच नव्हते, असे म्हणून आपण वह्या-पुस्तके माळ्यावर टाकतो आणि मोकळे होतो.

नशीब घरातून काढले, तर त्याच्या जागी काय आणून ठेवायचे, हा प्रश्न प्रत्येक नवदीक्षित कुटुंबापुढे आहे. नुसती जागा रिकामी ठेवली, तर जुना पाहुणा पुन्हा येऊन बसतो. ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी लांब जावयास नको. आपल्या भिंतीवर भगवान बुद्धांच्या शेजारी ज्यांची तसबीर आहे, त्या बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यातील १९१७ ते १९२३ ही सहा वर्षे तुम्ही नीट पाहा. बाबासाहेबांच्या पदव्या आपण तोंडपाठ म्हणून दाखवतो. पण ह्या सहा वर्षांच्या आरंभी त्यांचे शिक्षणही अर्धवटच सुटले होते, हे आपण विसरतो.

पाया

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे बाबासाहेबांचा जन्म झाला. आई लहानपणीच गेली. वडील सुभेदार रामजी पेन्शनीवर आलेले. १९०४ च्या सुमारास हे कुटुंब मुंबईस आले आणि परळच्या डबक चाळीतील एका खोलीत राहू लागले. त्याच खोलीत चूल, तिथेच सामान, तिथेच माणसे. अशा खोलीत मुलाने अभ्यास करायचा कधी? रामजीबाबांनी ह्यावर तोड काढली. भीमाने संध्याकाळी लवकर झोपावे, वडिलांनी जागे राहावे, आणि रात्री दोनच्या सुमारास त्याला उठवून मग आपण आडवे व्हावे. सगळे घर झोपलेले असताना दिव्याच्या उजेडात मुलाचा अभ्यास चाले. पुस्तकांना पैसे नसले की रामजीबाबा लग्न झालेल्या मुलींकडे जात, त्यांचा एखादा दागिना मागून आणत, तो गहाण ठेवून पुस्तक घेत आणि पेन्शन आली की सोडवून परत देत.

हे तुम्हांला मुद्दाम सांगतो. अभ्यासासाठी वेगळी खोली नाही, ही आपल्या घरांची तक्रार खरी आहे. रामजीबाबांच्या घरीही ती नव्हती. जागा वाढवता येत नव्हती, म्हणून त्यांनी तासांची वाटणी केली. हातात काय नाही हे पाहून ते थांबले नाहीत. हातात काय आहे ते मोजून त्यांनी मार्ग काढला. मुलाला ही पहिली शिकवण घरातच मिळाली.

मॅट्रिक पास झाल्यावर त्यांचा सत्कार झाला, तेव्हा केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले भगवान बुद्धांचे चरित्र त्यांना भेट दिले. पुढे ह्याच गुरुजींच्या खटपटीने बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड ह्यांची शिष्यवृत्ती मिळाली आणि बी. ए. पर्यंतचे शिक्षण झाले. फेब्रुवारी १९१३ मध्ये रामजीबाबा वारले. त्याच वर्षी महाराजांनी अमेरिकेस पाठविण्याचे ठरविले. करार असा होता की, तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड मिळतील आणि परत आल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करावी लागेल.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी १९१५ मध्ये एम. ए. केले आणि पीएच. डी. साठी प्रबंध लिहिला. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. १९१६ मध्ये ते लंडनला गेले आणि एकाच वेळी दोन ठिकाणी नाव घातले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी. एक विद्या समाजाचे आर्थिक दुखणे समजण्याकरिता, दुसरी न्यायालयात उभे राहण्याकरिता. शिवाय बॅरिस्टर झाला की माणूस कोणाच्या नोकरीवर अवलंबून राहत नाही. अस्पृश्य माणसाला ह्या गोष्टीचे महत्त्व किती, हे पुढे बडोद्यात कळलेच.

मुदत

१९१७ साली शिष्यवृत्ती संपली आणि बडोद्याहून परत येण्याविषयी कळविण्यात आले. अभ्यास तर अर्धाच झाला होता. तुम्ही-आम्ही अशा वेळी काय केले असते? बहुतेकांनी सामान बांधले असते आणि दैवाला बोल लावीत बोट धरली असती.

बाबासाहेबांनीही सामान बांधले, परंतु त्याआधी एक काम केले. प्रा. एडविन कॅनन ह्यांच्या शिफारशीने त्यांनी लंडन विद्यापीठाकडून परवानगी मिळवली की, ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन त्यांना अभ्यास पुढे सुरू करता येईल. कागदाचा एक तुकडा, दुसरे काही नाही. पण त्या कागदामुळे सुटलेले शिक्षण हे संपलेले शिक्षण झाले नाही. त्याला तारीख लागली. ऑक्टोबर १९२१ च्या आत परत यायचे, एवढे पक्के झाले.

हा सगळ्या चरित्रातील बारीकसा प्रसंग आहे. आपल्या सभांतून तो फारसा सांगितला जात नाही. पण आपल्या कुटुंबांच्या उपयोगाचा ह्याहून मोठा प्रसंग मला दिसत नाही. पाऊल मागे घ्यावे लागले, तरी दार आपल्या हाताने बंद करून यायचे नाही. परत कधी येणार, हे ठरवूनच निघायचे.

निघतानाही आपत्ती चुकली नाही. पहिले महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान आणि पुस्तके ज्या बोटीतून वेगळी पाठविली होती, ती बोट टॉर्पेडोने बुडाली. ते स्वतः ऑगस्ट १९१७ मध्ये मुंबईस सुखरूप पोचले.

कराराप्रमाणे ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. एवढे शिकून आलेल्या माणसाला त्या शहरात राहावयास कोणी घर दिले नाही. कचेरीतले शिपाई शिवू नये म्हणून कागद लांबून टाकीत. नाव बदलून एका पारशी धर्मशाळेत त्यांनी आसरा घेतला, तर तेथून लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. एका झाडाखाली बसून ते रडले. ते स्थळ आज संकल्पभूमी म्हणून ओळखले जाते. आपण तेथे फुले वाहतो. पण झाडाखाली बसलेल्या त्या तरुणाजवळ नुसते अश्रू नव्हते. लंडनच्या परवानगीचा कागदही होता, हेही ध्यानात ठेवा.

पैसा

मुंबईस परत आले तेव्हा हातात नोकरी नाही, घरी खाणारी माणसे पुष्कळ. त्यांनी दोन पारशी विद्यार्थ्यांच्या शिकवण्या धरल्या. शेअर बाजारातील लोकांना सल्ला देण्याचा धंदा काढला. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक तुटले आणि तो धंदा बसला. ह्याच दिवसांत १९१८ साली शेतीच्या लहान लहान तुकड्यांच्या प्रश्नावर त्यांनी निबंध प्रसिद्ध केला. म्हणजे पोटाची खटपट चालू असताना अभ्यासाची धार बोथट होऊ दिली नाही.

११ नोव्हेंबर १९१८ रोजी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात त्यांना प्राध्यापकाची तात्पुरती जागा मिळाली. पगार दरमहा ४५० रुपये. त्या काळी ही रक्कम मोठी होती. चाळीतली बिऱ्हाडे अशा पगारावर बंगल्यात गेली असती. बाबासाहेब परळच्या बी. आय. टी. चाळीतील दोन खोल्यांतच राहिले. घरखर्चासाठी ठराविक रक्कम रमाईंच्या हाती द्यायची, बाकीची लंडनसाठी बाजूला ठेवायची, असा शिरस्ता त्यांनी घातला. कॉलेजात प्राध्यापकांच्या माठातील पाणी त्यांनी पिण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. तो अपमान त्यांनी गिळला, कारण ती नोकरी हे त्यांचे ध्येय नव्हते. ती ध्येयाकडे जाण्याची पायरी होती.

आता तुम्हीच हिशोब करा. मार्च १९२० पर्यंत सोळा महिने नोकरी झाली. सगळा पगार एक पैसाही खर्च न करता ठेवला, तरी सात हजार दोनशे रुपये होतात. घर चालवून ह्यातले उरणार किती? लंडनच्या दोन-तीन वर्षांना ते पुरण्यासारखे नव्हते. म्हणून त्यांनी संकोच न करता मदत मागितली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी साहाय्य केले. मित्र नवल भथेना ह्यांनी पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. आपली बचत, हितचिंतकाची मदत आणि मित्राचे कर्ज अशा तीन ठिकाणच्या पैशांची मोळी बांधून जुलै १९२० मध्ये ते लंडनला निघाले. मुदत संपावयास अजून वर्षाहून अधिक काळ होता.

कर्ज आपणही काढतो. लग्नाच्या मांडवासाठी काढतो, पाहुण्यांच्या जेवणावळीसाठी काढतो, आणि जुने दैवत सोडले तरी कधी कधी जत्रेसाठीही काढतो. बाबासाहेबांनीही कर्ज काढले. पण ते फेडण्याची ताकद अंगी येईल अशाच कामासाठी काढले. एवढा फरक तुम्ही घरी बसून तपासून पाहा.

वेळ

लंडनमध्ये पैसे मोजके होते, म्हणून दिवसही मोजके होते. सकाळी पावाचा एखादा तुकडा आणि पेलाभर पेय घेऊन ते ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जात आणि दिवसभर तेथेच वाचीत बसत. इंडिया ऑफिसचे ग्रंथालय, विद्यापीठाचे ग्रंथालय, अर्थशास्त्राचे गोल्डस्मिथ ग्रंथालय, ही त्यांची दुसरी ठिकाणे. रात्री घरी आल्यावर पुन्हा वाचन. भूक लागली, की ओळखीच्या एका माणसाने दिलेले चार पापड पत्र्यावर भाजायचे आणि कपभर दुधाबरोबर खायचे. खोलीतला सोबती रात्री जागा होऊन झोपण्याविषयी विनवी, तेव्हा आपल्याजवळ पैसा थोडा आणि वेळही थोडा आहे, म्हणून अभ्यास लवकर उरकला पाहिजे, असे ते त्याला समजावीत. ज्या घरात ते १९२१-२२ मध्ये राहत होते, ते किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाचे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले. आज तेथे स्मारक आहे.

ह्या कष्टांचे फळ टप्प्याटप्प्याने आले. जून १९२१ मध्ये एम. एस्सी. मिळाली. जून १९२२ मध्ये ते बॅरिस्टर झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा मोठा प्रबंध डी. एस्सी. साठी सादर केला. मधल्या काळात जर्मनीतील बॉन विद्यापीठातही त्यांनी नाव नोंदवले होते, पण तो बेत पुढे गेला नाही. बाबासाहेबांचेही सगळेच बेत तडीस गेले असे नाही, हे आपल्या मुलांना मोकळेपणाने सांगावे. एक बेत सुटला म्हणून त्यांनी मुख्य काम सुटू दिले नाही.

मुख्य कामातही अडथळा आलाच. १९२३ मध्ये परीक्षकांनी प्रबंध काही ठिकाणी पुन्हा लिहिण्यास सांगितले. जवळचे पैसे संपलेले होते. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईस परत आले, येथे बसून प्रबंध दुरुस्त केला आणि लंडनला पाठवला. नोव्हेंबर १९२३ मध्ये डी. एस्सी. मिळाली. तो ग्रंथ त्यांनी आई-वडिलांच्या स्मृतीस अर्पण केला. डबक चाळीतील त्या रात्री ते विसरले नव्हते.

वकिलीची सनद काढण्यासही पैसे नव्हते. तेव्हाही भथेना उपयोगी पडले. कोलंबियाची पीएच. डी. तर ह्याहून उशिरा आली. प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठात द्याव्या लागत. तो १९२५ मध्ये ग्रंथरूपाने निघाला आणि १९२७ मध्ये पदवी मिळाली. १९१३ साली धरलेले काम चौदा वर्षांनी पूर्ण झाले.

घर

ह्या संकल्पाची किंमत कोणी दिली, हेही सांगितले पाहिजे. नाहीतर हिशोब खोटा ठरेल. १९२० च्या ३१ जानेवारीस बाबासाहेबांनी मूकनायक हे पाक्षिक सुरू केले होते. सहा महिन्यांत ते दुसऱ्यांच्या हाती सोपवून त्यांना जावे लागले, आणि ते लंडनमध्ये असतानाच पाक्षिकाचे हाल झाले व शेवटी ते बंद पडले. एक काम पुरे करताना दुसरे मागे पडते. कोणते काम आधी, हे माणसाला ठरवावेच लागते.

आणि सगळ्यांत मोठी किंमत दिली रमाईंनी. मोजक्या पैशांत त्यांनी घर चालवले. पाच मुलांपैकी एकटा यशवंत जगला. चार मुले त्या माउलीने आपल्या हातांनी मातीत ठेवली. २७ मे १९३५ रोजी त्या गेल्या. पुढे पाकिस्तानच्या प्रश्नावरील ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांच्या स्मृतीस अर्पण केला. म्हणून घरात एकाने ध्येय धरले, तर ते त्या एकाचे नसते. त्याचा भार कोणी उचलायचा, किती उचलायचा, हे सगळ्यांनी बसून बोलले पाहिजे. विशेषतः मुलाच्या शिक्षणासाठी मुलीची शाळा बंद करू नका. असा हिशोब धम्मात बसत नाही.

एकवीस वर्षे

हीच रीत बाबासाहेबांनी पुढे समाजाच्या मोठ्या कामात वापरली. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास त्यांनी जाहीर केले की आपण हिंदू म्हणून मरणार नाही. घोषणा केली आणि दुसऱ्याच दिवशी धर्म बदलला, असे झाले नाही. त्यांनी निरनिराळ्या धर्मांचा अभ्यास केला. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज उघडले. १९५० मध्ये श्रीलंकेस आणि १९५४ मध्ये रंगूनला जाऊन बौद्ध देशांतील धम्म प्रत्यक्ष पाहिला. १९५५ मध्ये भारतीय बौद्ध महासभा स्थापिली. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा घेतली व लाखोंना दिली. येवला ते नागपूर ही एकवीस वर्षांची वाट त्यांनी एकेक टप्पा आखून चालली. १९१७ ते १९२३ ह्या काळात ज्या माणसाने स्वतःचा संकल्प असा पार पाडला, त्यालाच समाजाचा संकल्प पार पाडता आला.

दहा पारमितांमध्ये अधिष्ठान नावाची एक पारमिता आहे. ध्येय गाठीपर्यंत न ढळणारा निश्चय, असा तिचा अर्थ. तिच्या सोबतीला वीर्य, म्हणजे हाती घेतलेल्या कामात सर्व शक्ती लावणे. भगवान बुद्धांनी कोणाला वर दिला नाही. प्रयत्नाचा मार्ग दाखवला. सम्यक व्यायाम म्हणजे हातपाय हलवण्याचा व्यायाम नव्हे. तो योग्य दिशेने केलेला, रोजचा, जागरूक प्रयत्न आहे.

आपण काय करावे

येत्या रविवारी विहारातून वंदना आटोपून आलात, की घरातील सगळ्यांनी अर्धा तास एकत्र बसा. एक साधी वही घ्या. प्रत्येकाने, आजीपासून नातवापर्यंत, आपले एक ध्येय सांगावे. मोठे नको, जे खरे हवे आहे ते. आजीला सही करावयास शिकायचे असेल, तर तेही लिहा. त्यापुढे चार गोष्टी लिहा. कोणत्या तारखेच्या आत करायचे? पैसा किती लागेल आणि तो कोठून येईल? रोजचा कोणता तास त्याला द्यायचा? आणि मदत कोणाकडे मागायची? ह्यापैकी एकाही प्रश्नाचे उत्तर कोरे राहिले, तर ती अजून इच्छा आहे, संकल्प झालेला नाही.

घरात कोणाचे शिक्षण मध्येच सुटले असेल, तर त्याचे नाव वहीत सर्वांत वर लिहा. शाळेत, कॉलेजात जाऊन विचारा, बाहेरून परीक्षेला बसता येते का, फॉर्म कधी भरायचा, जुने दाखले कोणते लागतात. एवढी चौकशी करणे म्हणजेच लंडनची ती परवानगी मिळवणे आहे. पैसे नंतर जमतील, आधी तारीख लावून घ्या.

दर पौर्णिमेला वही उघडा. काय झाले, काय राहिले, ते खुणा करून पाहा. राहिले त्याबद्दल कोणाला टोचून बोलू नका, आणि नशिबाचे नाव काढू नका. नवी तारीख घाला. बाबासाहेबांचा प्रबंध परत आला होता, हे आठवा आणि पुन्हा लिहावयास बसा.

जयभीम.